चालू नेटवर्कमध्ये ओएसपीएफचे एरिया पाडताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत, आणि एरिया म्हणजे त्यासाठी पाडलेले नेटवर्कचे भाग. एरिया पाडल्यानंतर शेजारी राउटर ‘फुल’ (पूर्ण जुळलेला) दिसतो, पण पलीकडच्या शाखेचा सर्व्हर मात्र लागत नाही, अशी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. अशा वेळी कमांड क्वचितच चुकलेली असते. बहुधा काम उलट्या क्रमाने केलेले असते, किंवा एरिया नेमका कशाला लागतो याची समजूत चुकलेली असते. म्हणून या लेखात कमांडपेक्षा क्रमावर भर दिला आहे.

उदाहरणासाठी मराठवाड्यात शाखा असलेली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर ठेवू. मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि लातूर व नांदेड ही दोन विभागीय केंद्रे आहेत. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणजे तीन लिंकचा त्रिकोण आहे. जालना, बीड आणि पैठण संभाजीनगरला जोडलेले आहेत. लातूरला औसा, उदगीर आणि धाराशिव, तर नांदेडला परभणी, हिंगोली आणि देगलूर जोडलेले आहेत. निलंग्याची शाखा थेट लातूरला न येता औशामार्गे येते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरेल. आज हे सगळे राउटर एकाच एरिया ० मध्ये आहेत. कुठे रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली किंवा कुठे वीज जाऊन बॅटरी उतरली, की त्या एका लिंकची बातमी सर्व राउटरपर्यंत जाते आणि प्रत्येकाला मार्गांचे गणित पुन्हा मांडावे लागते. हा त्रास त्या त्या विभागापुरता रोखायचा आहे.

कमांड सिस्कोच्या आयओएसप्रमाणे दिल्या आहेत. येथे त्या देवनागरीत लिहिल्या असल्या तरी राउटरवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. आपल्याकडे एकूण दहा-बाराच राउटर असतील आणि ती संख्या वाढणार नसेल, तर एरिया पाडू नयेत. एकटा एरिया ० अशा नेटवर्कला पुरेसा असतो.

## टप्पा १: कागदावरचा आराखडा

एरिया गावाला लागत नाही आणि राउटरलाही लागत नाही; तो इंटरफेसला लागतो. एरियाची सीमा दोन राउटरांमधल्या तारेवर नसते, ती राउटरच्या पोटातून जाते. लातूरच्या राउटरचे संभाजीनगर आणि नांदेडकडचे पोर्ट एरिया ० मध्ये असतील आणि औसा, उदगीर, धाराशिवकडचे पोर्ट एरिया २० मध्ये असतील. तसेच संभाजीनगरचे आपल्या शाखांकडचे पोर्ट एरिया १० मध्ये आणि नांदेडचे आपल्या शाखांकडचे पोर्ट एरिया ३० मध्ये असतील. असा दोन्हीकडे पाय असलेला राउटर म्हणजे सीमेवरचा राउटर, ज्याला एबीआर म्हणतात. ‘लातूर एरिया २०, संभाजीनगर एरिया १०’ असे गावांवर आकडे लिहिणारा माणूस पुढे एकाच लिंकच्या दोन टोकांना दोन वेगळे एरिया देऊन बसतो.

म्हणून नकाशात आकडा गावावर लिहू नये, प्रत्येक रेषेवर लिहावा आणि प्रत्येक रेषेवर एकच आकडा असावा. त्यानंतर पुढच्या तीन गोष्टी बोट ठेवून तपासाव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक एरिया कुठल्या तरी एबीआरमधून थेट एरिया ० ला लागलेला असावा. दुसरी, एरिया ० सलग असावा, त्याचे दोन तुकडे पडता कामा नयेत. त्रिकोणातली लातूर-नांदेड ही तिसरी बाजूही एरिया ० मध्येच घ्यावी, कारण ती एरिया ३० मध्ये टाकली तर संभाजीनगर-लातूर लिंक तुटताच लातूरचा एरिया ० शी संबंध संपतो. तिसरी गोष्ट, दोन बिगर-शून्य एरियांना परस्पर जोडणारा आडमार्ग नसावा. उदगीर आणि देगलूर जवळ आहेत म्हणून त्यांच्यात स्वस्तातली रेडिओ लिंक टाकण्याचा मोह होतो. अशा लिंकच्या एका टोकाचा राउटर एरिया २० आणि ३० या दोन्हींत येतो, पण एरिया ० त्याच्याकडे नसतो. त्यामुळे तो एका एरियाचे मार्ग दुसऱ्याला सांगत नाही. व्हर्च्युअल लिंक, म्हणजे मधल्या एरियातून एरिया ० शी जोडणारा आभासी दुवा, हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो तात्पुरत्या दुरुस्तीपुरता ठीक आहे, मूळ आराखड्यात तो असू नये.

## टप्पा २: पत्त्यांची वाटणी

एरिया पाडण्याचा खरा फायदा समरी रूटमध्ये, म्हणजे अनेक बारीक मार्गांऐवजी सांगितलेल्या एकाच एकत्रित मार्गात आहे, आणि समरी हवी असेल तर पत्ते सलग हवेत. येथे एरिया ० साठी १०.०.०.०/२०, एरिया १० साठी १०.१०.०.०/२०, एरिया २० साठी १०.२०.०.०/२० आणि एरिया ३० साठी १०.३०.०.०/२० असे गट धरले आहेत. /२० मध्ये सोळा /२४ बसतात, म्हणजे लातूर विभागाला १०.२०.०.० ते १०.२०.१५.२५५ इतके पत्ते मिळतात. शाखांचे लॅन (आतले नेटवर्क) खालून वर भरत जावे, लिंकचे /३० तुकडे १०.२०.१४.० मधून घ्यावेत आणि लूपबॅक (राउटरचे स्वतःचे आभासी इंटरफेस) १०.२०.१५.० मधून द्यावेत. लूपबॅकसाठी वेगळाच गट घेण्याची पद्धत दिसते, पण मग प्रत्येक शाखेचा /३२ मार्ग समरीच्या बाहेर राहून सगळीकडे पसरतो. एबीआरचा लूपबॅक मात्र एरिया ० च्या गटातून घ्यावा.

सावधान: /२० चा गट कुठूनही सुरू होत नाही. तिसरा आकडा सोळाच्या पटीतलाच असावा लागतो: ०, १६, ३२, ४८ असा. १०.२०.८.० पासून मोजून सोळा सबनेट घेतले तर ते एका /२० मध्ये बसत नाहीत.

पत्ते आज विस्कळीत असतील तर आधी ते नीट करावेत आणि एरियाचे काम पुढे ढकलावे. दोन्ही कामे एकाच रात्री करू नयेत.

## टप्पा ३: हात लावण्यापूर्वीची पाहणी

प्रत्येक राउटरची चालू कॉन्फिगरेशन बाहेर उतरवून घ्यावी. त्यासोबत ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’, ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ आणि ‘शो आयपी रूट ओएसपीएफ’ या तिन्हींचे आउटपुट जपून ठेवावे. काम झाल्यावर तुलना याच कागदांशी करायची आहे. त्यानंतर पुढील गोष्टी आजच्या एकाच एरियात असतानाच दुरुस्त कराव्यात.

राउटर आयडी, म्हणजे ओएसपीएफमधली राउटरची ओळख, हाताने ठरवून द्यावा. तो दिला नसेल तर सर्वांत मोठ्या लूपबॅकचा पत्ता घेतला जातो, आणि लूपबॅकच नसेल तर चालू इंटरफेसपैकी सर्वांत मोठा पत्ता घेतला जातो. एका शाखेची कॉन्फिगरेशन दुसऱ्या शाखेत चिकटवल्यामुळे दोन राउटरांचा आयडी एकच झालेला अनेकदा आढळतो. आयडी बदलल्यावर ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ दिल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि ही कमांड त्या राउटरचे सगळे शेजारी क्षणभर तोडते.

कॉस्टचे (मार्ग निवडताना लिंकला दिलेला आकडा; कमी तो पसंत) गणित सगळीकडे सारखे असावे. आयओएसची मूळ संदर्भ क्षमता १०० एमबीपीएस आहे. त्यामुळे १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस या दोन्ही पोर्टची कॉस्ट १ येते. प्रत्येक राउटरवर ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १००००’ द्यावे. मग १ जीबीपीएसची कॉस्ट १० आणि १०० एमबीपीएसची १०० होते. मात्र राउटर पोर्टचा वेग पाहतो, आपण पैसे मोजून घेतलेला वेग त्याला ठाऊक नसतो. पोर्ट एक गिगाचा आणि लिंक प्रत्यक्षात २० एमबीपीएसची, ही तालुक्याच्या ठिकाणची नेहमीची स्थिती आहे. अशा लिंकवर ‘आयपी ओएसपीएफ कॉस्ट ५००’ असे दोन्ही टोकांना हाताने लिहावे.

दोन राउटरांमधल्या इथरनेट लिंकवर नेटवर्क टाइप दोन्हीकडे ‘पॉइंट-टू-पॉइंट’ करावा. एकीकडे ‘ब्रॉडकास्ट’ आणि दुसरीकडे ‘पॉइंट-टू-पॉइंट’ राहिले, तर दोन्हींचा हॅलो (शेजाऱ्याला ठराविक वेळाने जाणारा संदेश) १० सेकंदांचा असल्याने शेजारी ‘फुल’ होतो, पण मार्ग टेबलात येत नाहीत.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी सर्व शाखांचे मार्ग संभाजीनगरच्या टेबलात ‘ओ’ या खुणेने दिसत असल्याची खात्री करावी. आज जे दिसत नाही ते एरिया पाडल्याने दिसू लागणार नाही.

## टप्पा ४: परतीची वाट

काउंटरचे व्यवहार आणि दिवसअखेरची कामे संपल्यावरच सुरुवात करावी. ज्या राउटरला हात लावायचा, त्यावर आधी ‘राइट मेमरी’ आणि लगेच ‘रीलोड इन ३०’ द्यावे. काही बिघडून संपर्क तुटला तर अर्ध्या तासाने राउटर आपोआप सुरू होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. बदल करण्याच्या आधीच ही कमांड द्यायची असते, आणि बदल पडताळेपर्यंत पुन्हा ‘राइट मेमरी’ करायची नसते. नाहीतर बिघडलेलीच कॉन्फिगरेशन जतन होते आणि रीलोडचा उपयोग उरत नाही. पडताळणी झाली की ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नये.

दुसरी खबरदारी लॉगिनच्या वाटेची आहे. निलंग्याच्या राउटरवर संभाजीनगरहून थेट जाऊ नये. आधी औशाच्या राउटरवर जावे आणि तेथून औसा-निलंगा लिंकच्याच पत्त्यावर एसएसएच करावे. हा सबनेट दोन्ही राउटरांना थेट लागलेला असल्यामुळे ओएसपीएफ तुटले तरी ते सत्र टिकून राहते.

## टप्पा ५: टोकाकडून मध्याकडे

या कामाचा गाभा हा टप्पा आहे. सुरुवात नेहमी सर्वांत दूरच्या शाखेपासून करावी आणि एकेक लिंक घेत एबीआरकडे यावे.

लातूर विभागात दूरचा राउटर निलंगा आहे. आधी औसा-निलंगा लिंक एरिया २० मध्ये घेतली की औसा तात्पुरता एबीआर होतो, कारण त्याचा लातूरकडचा पोर्ट अजून एरिया ० मध्येच असतो. एरिया ० सलग राहतो आणि निलंगा चालू राहतो. त्यानंतर लातूर-औसा लिंक घेतली की सीमा लातूरवर सरकते. उलट, कोणी आधी लातूर-औसा लिंक बदलली तर औसा आणि निलंगा यांच्यामधला एरिया ० चा तुकडा मुख्य एरिया ० पासून वेगळा पडतो. त्या तुकड्यातले मार्ग लातूर स्वीकारत नाही, कारण एबीआर दुसऱ्या एरियाची समरी (येथे दुसऱ्या एरियातल्या मार्गांची माहिती) फक्त एरिया ० मधूनच घेतो.

प्रत्येक राउटरवरचा क्रम असा ठेवावा:

१. शाखेचा लॅन इंटरफेस नव्या एरियात घ्यावा: इंटरफेसमध्ये जाऊन ‘आयपी ओएसपीएफ १० एरिया २०’. येथला १० हा प्रोसेस क्रमांक त्या राउटरपुरता असतो, त्याचा एरिया १० शी काही संबंध नाही.

२. लूपबॅकवर तीच कमांड द्यावी.

३. मध्याकडे जाणारा पोर्ट सर्वांत शेवटी बदलावा. या क्षणी शेजारी तुटतो, आणि ते अपेक्षितच आहे.

४. लगेच अलीकडच्या राउटरवर येऊन त्याच लिंकच्या दुसऱ्या टोकाला तीच कमांड द्यावी. काही सेकंदांत शेजारी पुन्हा ‘फुल’ व्हावा.

इंटरफेसवरची ही कमांड राउटर प्रोसेसमधल्या जुन्या ‘नेटवर्क’ ओळीपेक्षा वरचढ ठरते. त्यामुळे जुनी ओळ आत्ताच काढायची गरज नाही, आणि मागे यायचे झाले तर कमांडपुढे ‘नो’ लावताच इंटरफेस पुन्हा एरिया ० मध्ये जातो.

सावधान: सर्वाधिक वेळ खाणारी चूक पहिल्या पायरीतच होते. समजा निलंग्याचा लिंक पोर्ट एरिया २० मध्ये घेतला, पण लॅन एरिया ० मध्येच राहून गेला. शेजारी ‘फुल’ दिसतो आणि औशाहून निलंग्याचा लॅन पिंगही होतो. लातूर आणि संभाजीनगरहून मात्र तो लागत नाही. कारण वरचेच आहे: निलंगा आपला लॅन समरी म्हणून एरिया २० मध्ये सांगतो, एरिया २० च्या आत असलेला औसा ते ऐकतो, पण लातूर एबीआर असल्यामुळे दुर्लक्ष करतो. ‘जवळून लागते, लांबून लागत नाही’ असे दिसले की सगळे सोडून ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ पाहावे आणि एरियाचा रकाना वाचावा.

तपासणी: संभाजीनगरच्या टेबलात निलंग्याचा मार्ग आता ‘ओ’ ऐवजी ‘ओ आयए’ (दुसऱ्या एरियातून आलेला मार्ग) या खुणेने दिसायला हवा. तसा दिसल्याशिवाय पुढच्या शाखेला हात लावू नये. एक विभाग पूर्ण होऊन काही दिवस सुरळीत चालल्यावरच दुसरा विभाग घ्यावा.

## शेजारी जुळत नसेल तर

नेबर यादीत राउटर अजिबात दिसत नसेल तर एरिया क्रमांक, हॅलो आणि डेड टायमर, सबनेट मास्क, पासवर्ड आणि त्याचा की क्रमांक, तसेच स्टबची खूण (टप्पा ७) या गोष्टी दोन्ही टोकांना ताडून पाहाव्यात. एरिया जुळत नसताना लॉगमध्ये ‘मिसमॅच एरिया आयडी’ असे येते आणि त्याच ओळीत व्हर्च्युअल लिंक सापडली नाही असाही उल्लेख असतो. तो वाचून पुष्कळजण व्हर्च्युअल लिंक करायला घेतात. तसे करू नये. लिंकचे एक टोक एरिया ० मध्ये आणि दुसरे २० मध्ये आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ असतो. एका टोकाला मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर तेथे एरिया २० हा ०.०.०.२० असा लिहिला जातो. दोन्ही एकच आहेत.

शेजारी ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’ वर अडकला तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) पाहावा. टनेलवरून बॅकअप घेतलेल्या शाखांत हे हमखास घडते. ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ दिल्याने शेजारी जुळतो, पण मोठी पॅकेट पुढे अडकतच राहतात. म्हणून दोन्ही टोकांचा एमटीयूच सारखा करावा. लॅनवर अनेक राउटर असतील आणि काही जोड्या ‘टू-वे’ वर थांबल्या असतील, तर तो बिघाड नव्हे.

## टप्पा ६: समरी

सर्व शाखा ‘ओ आयए’ दिसू लागल्यावर लातूरच्या राउटरवर ‘एरिया २० रेंज १०.२०.०.० २५५.२५५.२४०.०’ द्यावे. येथे साधा मास्क लिहायचा असतो. ‘नेटवर्क’ ओळीत मात्र उलटा मास्क लागतो, जो /२० साठी ०.०.१५.२५५ आहे. या दोहोंची अदलाबदल फार होते. ही कमांड एबीआरवरच काम करते. औशावर दिली तर राउटर ती निमूट घेतो आणि परिणाम काहीच होत नाही. एरियाला दोन एबीआर असतील तर ती दोन्हींवर द्यावी, नाहीतर ज्याने समरी केली नाही त्याच्याकडून बारीक मार्ग जातात आणि सगळी वाहतूक त्याच्याकडेच ओढली जाते.

समरी दिल्यावर लातूरच्या टेबलात ‘नल ०’ कडे जाणारा मार्ग दिसतो. तो काढू नये. शाखा बंद असताना तिच्याकडची पॅकेट लातूर आणि संभाजीनगरमध्ये फिरत राहू नयेत म्हणून तो असतो.

## टप्पा ७: स्टब, पण सगळीकडे नाही

स्टब म्हणजे बाहेरच्या मार्गांऐवजी एक डिफॉल्ट मार्ग घेणारा एरिया. लातूर विभागाला बाहेर जायला एकच दार आहे, त्यामुळे निलंग्याच्या छोट्या राउटरला सगळ्या विभागांचे मार्ग माहीत असण्याचे कारण नाही. एरिया २० मधल्या प्रत्येक राउटरवर ‘एरिया २० स्टब’ आणि फक्त लातूरवर ‘एरिया २० स्टब नो-समरी’ द्यावे. क्रम पुन्हा टोकाकडून मध्याकडेच ठेवावा. एकही राउटर राहून गेला तर त्याचा शेजारी जुळणार नाही, आणि सर्व राउटर होईपर्यंत विभाग बंदच राहील. म्हणून या कामासाठी वेळ वेगळा राखावा. झाल्यावर निलंग्याच्या टेबलात बाहेरच्या मार्गांऐवजी ‘ओ*आयए ०.०.०.०/०’ ही एक ओळ दिसते.

एखाद्या शाखेतून तिसऱ्याच नेटवर्ककडे स्टॅटिक मार्ग जात असेल आणि तो ओएसपीएफमध्ये टाकायचा असेल, तर स्टब चालत नाही. तेथे ‘एनएसएसए’, म्हणजे बाहेरचे मार्ग टाकू देणारा स्टबचा प्रकार लागतो. साधा ‘एरिया ३० एनएसएसए’ दिल्यावर सिस्कोचा एबीआर डिफॉल्ट मार्ग आपणहून देत नाही. त्यासाठी एबीआरवरच्या कमांडला ‘डिफॉल्ट-इन्फर्मेशन-ओरिजिनेट’ किंवा ‘नो-समरी’ जोडावे. स्टॅटिक मार्ग टाकताना ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ पुढे ‘सबनेट्स’ लिहावे. जुन्या आयओएसमध्ये ते नसेल तर /२४ सारखे तुकडे जातच नाहीत.

## टप्पा ८: जुन्या ओळी आणि तोडून पाहणे

सगळे विभाग झाले की प्रत्येक शाखेच्या राउटरवरची ‘नेटवर्क १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५ एरिया ०’ ही जुनी ओळ काढावी. ती राहिली तर उद्या शाखेत नवा व्हीलॅन टाकताच तो आपोआप एरिया ० मध्ये जाईल आणि पाचव्या टप्प्यातला बिघाड नव्याने उभा राहील. काढण्यापूर्वी प्रत्येक इंटरफेसवर एरियाची कमांड आहे ना हे पाहावे, अन्यथा तो इंटरफेस ओएसपीएफमधूनच बाहेर पडेल. त्याच वेळी ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ देऊन फक्त लिंक पोर्टवर ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’ द्यावे, म्हणजे काउंटरच्या संगणकांकडे हॅलो जाणार नाहीत. या दोन कमांडींच्या मधल्या क्षणी सगळे शेजारी तुटतात, म्हणून टप्पा ४ ची दोन्ही पथ्ये येथेही पाळावीत.

शेवटी संभाजीनगरचा लातूरकडचा पोर्ट मुद्दाम ‘शटडाउन’ करावा आणि निलंग्याला पिंग चालू ठेवावे. थोड्या खंडानंतर उत्तर नांदेडमार्गे येऊ लागले पाहिजे, आणि ‘ट्रेसराउट’ मध्ये नांदेडचा पत्ता दिसला पाहिजे. उत्तर येत नसेल तर लातूर-नांदेड लिंक कुठल्या एरियात आहे ते दोन्ही टोकांना पाहावे. ही चूक लिंक चालू असताना सहसा लक्षात येत नाही. असेच नांदेडकडच्या लिंकचे करावे, आणि दोन्ही वेळा पोर्ट पुन्हा चालू करून शेजारी ‘फुल’ झाल्यावरच प्रत्येक राउटरवर ‘रीलोड कॅन्सल’ आणि ‘राइट मेमरी’ द्यावे.